राज्य कोणावर?



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून महाराष्ट्रात गावोगावी वसंत ऋतूत अशा सभा भरतात, आणि त्यांत इतिहास, अर्थकारण, अध्यात्म अशा विषयांवर विद्वानांनी बोलावे असा प्रघात आहे. मी विद्वान नाही. मुलांना हसविणे हा माझा धंदा. थोडी हातचलाखी, एक बोलकी बाहुली आणि पाचपन्नास गोष्टी एवढ्या भांडवलावर मी तीस वर्षे पोट भरले. वाढदिवस, शाळांची स्नेहसंमेलने, गावदेवीच्या जत्रा, सोसायट्यांचे गणपती असे सर्व पाहून झाले. या पट्टीतल्या पुष्कळ घरांत मला 'जादूवाले काका' एवढेच नाव आहे. आपण मला बोलाविलेत तेव्हा मी विचारले, "मी तेथे काय सांगणार?" चिटणीस म्हणाले, "मुलांना तुम्ही काय शिकविलेत ते सांगा." ते सांगावयाचे तर भाषण दोन मिनिटांत संपेल. मुलांनी मला काय शिकविले, ते मात्र सांगण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट अशी, की मुलांपुढे खोटी प्रतिष्ठा चालत नाही. मोठी माणसे कंटाळली तरी टाळ्या वाजवितात. अध्यक्षांच्या भाषणाला तर आधी वाजवितात आणि मग कंटाळतात. मूल कंटाळले की सरळ उठते आणि पाणी प्यायला जाते. त्याच्या मनात आपला अपमान करावयाचे नसते, त्याला खरोखरच तहान लागलेली असते. परंतु ती तहान कोणत्या वाक्याला लागली, हे ज्याला ओळखता आले तो या धंद्यात टिकला.

दुसरी गोष्ट बाहुलीने शिकविली. शब्दभ्रम म्हणजे ओठ न हलविता बोलणे. ही कला महाराष्ट्रात यशवंत पाध्ये यांनी रुजविली. त्यांचा अर्धवटराव १९६७ पासून त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी बोलता ठेविला. आमच्यासारखे लहान कलावंत त्याच झाडाच्या सावलीत वाढले. या कलेतली खरी अडचण प, फ, ब, भ, म या पाच अक्षरांची. ओठ मिटल्याशिवाय ती निघत नाहीत. मग जिभेने काहीतरी जवळचा आवाज काढून वेळ मारून न्यावी लागते. माझ्या बाहुलीचे नाव सखू आहे. त्यात या पाचांपैकी एकही अक्षर नाही, हा योगायोग नव्हे.

आता गंमत पाहा. मूल बोलावयास लागते ते 'बाबा', 'मामा' असल्या शब्दांनी. कारण ही अक्षरे ओठांवर दिसतात, आणि मूल आईच्या तोंडाकडे पाहून बोलावयास शिकते. म्हणजे जी अक्षरे मला चोरावी लागतात, तीच मुलांनी सर्वांत आधी डोळ्यांनी पाठ केलेली असतात! मोठी माणसे मी दाखविले तिकडे, म्हणजे बाहुलीकडे पाहतात. चार वर्षांचे मूल माझ्या ओठांकडे पाहते. मुलांना फसविणे सोपे असे ज्यांना वाटते, त्यांनी कधी मुलांपुढे उभे राहून पाहिलेले नाही.

मग मुलांना आमचे खेळ का आवडतात? एकदा खेळ संपल्यावर पाचसहा वर्षांची एक मुलगी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "काका, सखू खरी नाही ना?" मी जरा विचार करून सांगितले, "नाही, बाळ." ती म्हणाली, "मला माहीत होतं. पण तिला नका सांगू."

या एका वाक्यात नाट्यशास्त्राचे सार आहे असे मला वाटते. मूल फसत नसते, ते खेळावयाचे कबूल करीत असते. सुधा करमरकर यांनी १९५९ साली मुंबईत रत्नाकर मतकरी यांचे 'मधुमंजिरी' रंगभूमीवर आणून मुलांच्या नाटकाला मानाचे स्थान मिळवून दिले. पुढे मतकरींच्याच 'अलबत्या गलबत्या' मध्ये दिलीप प्रभावळकर यांची चेटकीण गाजली. चेटकीण आली की मुले किंचाळतात, आईच्या कुशीत तोंड लपवितात, आणि घरी जाताना विचारतात, "पुन्हा कधी यायचं?" भीतीसुद्धा त्यांनी राजीखुशीने पत्करलेली असते. खेळ आणि खोटे यांतला फरक मुलाला पक्का ठाऊक असतो. मला तो ठाऊक नव्हता. तो कसा कळला, ते सांगण्यासाठीच मी आज उभा आहे.

वीसएक वर्षांपूर्वीची हकीकत. नवी मुंबईतल्या एका इमारतीत वाढदिवस होता. वाढदिवस सात वर्षांच्या मुलीचा. घर सुखवस्तू, माणसे चांगली. त्या काळी माझा हमखास टाळ्यांचा प्रयोग घड्याळाचा असे. यजमानांचे मनगटी घड्याळ मागून घ्यावयाचे, रुमालाखाली ठेवावयाचे, रुमाल झटकून ते नाहीसे करावयाचे. यजमान घाबरल्यासारखे करतात. मग मुलांमधल्या एखाद्याला पुढे बोलावून त्याच्या खिशातून घड्याळ काढावयाचे आणि म्हणावयाचे, "अरे चोरा! तुझ्याकडे होते होय!" की सगळा दिवाणखाना हसून लोटपोट. हा प्रयोग मी शेकडो वेळा केला होता.

त्या दिवशी दाराच्या चौकटीला टेकून नऊदहा वर्षांचा एक मुलगा उभा होता. मुलांच्या घोळक्यात तो नव्हता. मला वाटले, लाजाळू दिसतो, याला पुढे घ्यावे. हेतू चांगलाच होता. मी त्याला हात धरून आणले, खिशातून घड्याळ काढले, आणि नेहमीचे वाक्य उच्चारले. मुले हसली, मोठी माणसेही हसली. तो मुलगा मात्र पांढराफटक पडला. "मी नाही घेतलं," तो म्हणाला. लोकांना वाटले, हाही खेळाचाच भाग, म्हणून ते आणखी हसले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून एक बाई पदराला हात पुसत धावत आली. ती त्या घरी कामाला होती. मुलाला पाठीशी घालून ती यजमानांना म्हणाली, "साहेब, पोरानं नाय घेतलं. तो आतासा आला. माझ्यासंगं होता."

हसणे थांबले. यजमान बिचारे ओशाळले. "अहो, जादू आहे ती," असे चारदा म्हणाले. मीही म्हणालो. पण जे बोलून गेलो ते परत घेता येत नव्हते. इमारतीतल्या मुलाला 'चोर' म्हटले तर तो विनोद होता. घरकामाला येणाऱ्या बाईच्या मुलाला त्याच घरात 'चोर' म्हटले तर तो आळ होता. वाक्य तेच, आवाज तोच, रुमालही तोच. फरक होता तो ज्याच्यावर ते वाक्य पडले त्याच्या उभे राहण्याच्या जागेत. ती जागा मी पाहिली नव्हती. लाजाळू म्हणून मी ज्याला ओळखले, तो लाजाळू नव्हताच. आपण आत यावयाचे की नाही, हे त्याला कोणी सांगितले नव्हते, म्हणून तो दारात उभा होता.

मी खिशातून चॉकलेट काढून त्याच्यापुढे धरले. त्याने ते घेतले नाही. त्याने ते घेतले नाही याबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे.

अशा वेळी काय करावे हे आम्हा वीसपंचवीस मोठ्या माणसांपैकी एकालाही सुचले नाही. सुचले ते जिचा वाढदिवस होता तिला. ती पुढे आली आणि मला म्हणाली, "काका, त्याचं झालं. आता राज्य माझ्यावर. आता मी चोर." तिच्या फ्रॉकला खिसा नव्हता, म्हणून तिने खाऊची पिशवी पुढे केली. मी घड्याळ नाहीसे केले आणि त्या पिशवीतून काढले. "चोर! चोर!" मुले ओरडली. मग दुसरा मुलगा आला, "आता माझ्यावर." मग तिसरी. आठदहा मुले एकामागून एक चोर झाली. शेवटी तो मुलगाही आईच्या पाठीमागून बाहेर आला, माझ्या कोटाच्या खिशात त्याने हात घातला, घड्याळ बाहेर काढले आणि सर्वांत मोठ्याने ओरडला, "काका चोर!" त्या संध्याकाळी एवढे खरे वाक्य दुसऱ्या कोणी उच्चारले नाही.

मुलगा हसला. त्याची आई हसली नाही. ती मुकाट्याने स्वयंपाकघरात परत गेली. मुलांनी मुलाचे दुःख निस्तरले. तिचे निस्तरणे माझ्याच्याने झाले नाही. घड्याळाचा तो प्रयोग त्यानंतर मी केला नाही.

घरी जाताना मी विचार करीत होतो, की त्या मुलीला हे कोणी शिकविले? मग ध्यानात आले, की ते तिला तिच्या खेळांनी शिकविले. आपण सगळे ते खेळ खेळलो आहोत आणि विसरलो आहोत. लपंडावात 'राज्य' येते ते ज्याला शोधावे लागते त्याच्यावर. मोठ्यांच्या जगात राज्य मिळावे म्हणून माणसे धडपडतात, मुलांच्या जगात राज्य म्हणजे ओझे, आणि ते पाळीपाळीने घ्यावयाचे असते. चिठ्ठ्या टाकून राजा, राणी, शिपाई, चोर खेळतात. त्यात कोणीतरी चोर होतोच, पण पुढच्या डावाला चिठ्ठ्या पुन्हा उधळतात. आताचा चोर घटकेत राजा होतो. एकाच मुलाला दहा डाव चोर ठेवून पाहा, दहाव्या डावाला खेळ मोडून भांडण झालेले असेल. मुलांच्या घटनेतले हे पहिले कलम.

दुसरे कलम 'कच्चे लिंबू'. धाकटे भावंड मागे लागते, त्याला धड पळता येत नाही. त्याला हाकलून देत नाहीत. त्याला कच्चे लिंबू म्हणून घेतात. ते खेळात असते, धावते, ओरडते, परंतु त्याच्यावर राज्य येत नाही. दुर्बलाला वगळावयाचे नाही आणि त्याच्यावर भारही टाकावयाचा नाही, हे समाजशास्त्र मुलांनी कोणत्याही ग्रंथावाचून साधले आहे. तिसरे कलम 'टाइमप्लीज'. कोणाचा गुडघा फुटला, चपलेचा अंगठा तुटला, की तो हे शब्द उच्चारतो आणि सारा खेळ तिथल्या तिथे थांबतो. पडलेल्याला तेवढ्यात कोणी बाद करीत नाही. त्या मुलाने "मी नाही घेतलं" म्हटले, ते त्याचे टाइमप्लीजच होते. आम्ही मोठ्यांनी ते ऐकले नाही.

हे मी तळवलीत सांगतो आहे, याला कारण आहे. ही ठाणे-बेलापूर पट्टी म्हणजे भातशेतीची, मिठागरांची, खाडीवर जगणाऱ्या आगरी-कोळी माणसांची. १९७० साली सिडको स्थापन झाली, नवे शहर आखले गेले, आणि पंचाण्णव गावांच्या जमिनींवर ते उभे राहिले. शहर व्हावयाचे तर कोणावर तरी राज्य येणार, हे कबूल. पण ते एकाच बाजूवर किती डाव ठेवावयाचे, हा प्रश्न दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली येथल्या शेतकऱ्यांनी विचारला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात त्यासाठी पाच माणसांनी गोळीबारात प्राण दिले. साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना त्यातून आली. आज गावठाणातली मुले आणि इमारतींतली मुले एकाच रस्त्याने शाळेला जातात. पण पूर्वी माझा खेळ जत्रेत, उघड्या मैदानावर होई. जो येईल तो बसे. आता तो बहुधा हॉलमध्ये होतो, आणि दारावर बोलाविलेल्या मुलांची यादी असते. बाकीची मुले खिडकीच्या गजांतून पाहतात. यादी करणारी माणसे दुष्ट नसतात. त्यांनी दाराकडे पाहिलेले नसते, एवढेच. मीही पाहिले नव्हते.

ज्यांनी पाहिले ती माणसे निराळी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, म्हणजे त्या वेळच्या या आपल्याच ठाणे जिल्ह्यात, बालशिक्षणाचे काम केले. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात नेली. जी गुरे राखावयास जात त्यांच्यासाठी ती कुरणात नेली. आणि साने गुरुजी! १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ज्यांनी 'श्यामची आई' लिहिली, ज्यांनी आयुष्यभर मुलांना गोष्टी सांगितल्या, त्यांनीच मे १९४७ मध्ये विठ्ठलाचे दार हरिजनांना उघडावे म्हणून पंढरपुरात प्राण पणास लाविले. ही दोन निरनिराळी कामे आहेत असे मला पूर्वी वाटे. आता वाटत नाही. ज्याला मुलांत बसावयाचे आहे, त्याला दारात कोण उभे आहे हे पाहावेच लागते.

त्या वाढदिवसानंतर मी माझ्या धंद्यात एक अट घातली. बिदागी ठरविताना मी सांगतो, की खेळाच्या वेळी घरात, जिन्यात, फाटकापाशी जी मुले असतील ती सगळी आत येतील आणि पुढे बसतील. रखवालदाराची, कामाच्या बाईंची, इस्त्रीवाल्याची. या अटीपायी काही कामे गेली, हे लपवीत नाही. पण बहुतेक घरांतून एकच उत्तर आले, "अहो, आमच्या लक्षातच आले नव्हते!" आणि सतरंजी आणखी एक अंथरली गेली.

आपल्याकडेही माझे तेवढेच मागणे आहे. सध्या सुटीचे दिवस आहेत. या सभेतून घरी जाताना वाटेत कोठेतरी मुले खेळत असतील. दोन मिनिटे थांबा, आणि राज्य कोणावर आहे ते पाहा. एकाच मुलावर ते फार वेळ दिसले तर त्यांना काही सांगू नका, ती मुले आपसांत ते नीट करतील. मग घरी जाऊन आपल्या दाराशी कोण उभे आहे ते पाहा, आणि सतरंजी अंथरा.