दोरी, गाठ आणि बधिर झालेला अंगठा

आजचा भाग अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे, आणि हेडफोन लावून ऐका. विषय आहे जोडीदारानं जोडीदाराला दोरीनं बांधणं, दोघांच्या मर्जीनं, दोघांच्या सुखासाठी. बाँडेज म्हणा, जपानी शब्द हवा असेल तर शिबारी म्हणा. हे करावं की करू नये, यावर मी बोलणार नाही. ज्यांना करायचं आहे ते रील बघून करतातच. मीही तसंच केलं, आणि त्यापायी सहा आठवडे एका हातानं कोड टाईप केला. म्हणून हा भाग.

आधी तेच सांगते. मी आणि माझा नवरा, दोघंही गोंदियात राहून घरूनच काम करतो. घरात पिवळी दोरी होती, कूलर बांधून आणलेली. व्हिडिओत एका बाईचे दोन्ही दंड छातीसकट बांधलेले होते, दिसायला सुंदर. आम्ही तेच केलं. दुखलं अजिबात नाही, आणि घोळ तिथेच झाला. थोड्या वेळानं अंगठ्याच्या मागची बाजू बधिर वाटायला लागली. मी बोलले नाही. म्हटलं, छान चाललंय, कशाला मोडायचं. दोरी सोडली तेव्हा उजवा पंजा लुळा पडलेला. मनगट वर उचलायला जावं तर उचललंच जाईना. चहाचा कप धरता येईना.

दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून एक नस जाते, रेडियल नर्व्ह. दंडाच्या मधल्या भागात ती हाडाला अगदी चिकटून असते, वर फारसं मांस नसतं. तिथे दोरीचा दाब पडला की नस हाड आणि दोरी यांच्यामध्ये चेपली जाते. दारू पिऊन खुर्चीच्या पाठीवर हात टाकून झोपलेल्या माणसाचं सकाळी जे होतं, तेच माझं झालं. नस चेपताना दर वेळी दुखतं असं नाही. मुंग्या येतात, एखादा भाग बधिर होतो, कधी तेही होत नाही, नुसती ताकद जाते. "दुखलं की सांगेन" हा करार इथे निरुपयोगी आहे.

डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं, रात्री हात अंगाखाली दबला होता का? मी म्हटलं, हो. छोटं शहर, वेटिंगमध्ये दोन ओळखीच्या काकू, काय सांगणार? मग मानेतून नस दबली असेल का, म्हणून मानेचा एक्स-रे झाला. फुकट. दुसऱ्या भेटीत नवरा म्हणाला, खरं सांगून टाक. सांगितलं. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही. दाब नेमका कुठे होता, किती वेळ, दोरी किती जाड, एवढंच विचारलं आणि लिहून घेतलं. मनगटाला स्प्लिंट, व्यायाम, आणि तीन-चार आठवड्यांत फरक पडला नाही तर नसांची तपासणी. माझी नस परत जागी झाली. काहींना महिने लागतात.

आता दोरी. दुकानात "नायलॉनची दोरी" मागितली की जी पिवळी किंवा निळी कडक दोरी मिळते ती बहुतेक वेळा नायलॉन नसतेच, पॉलिप्रॉपिलीन असते. पाण्यात टाकून बघा, तरंगली तर पॉलिप्रॉपिलीन, नायलॉन बुडतं. ही दोरी घुळघुळीत, गाठ सरकते, कडा कातडीत रुततात. खरं नायलॉन मऊ असतं, पण ताणलं की लांबतं आणि ढील दिली की आवळतं, म्हणून नवख्यानं त्याच्याही वाटेला जाऊ नये. काथ्या तर नकोच, नारळाच्या शेंड्यांनी अंग घासल्यासारखं.

जपानी पद्धतीत ताग वापरतात, साधारण सहा मिलिमीटर जाडीचा, सात-आठ मीटरचे तुकडे. तो पकडही छान धरतो. पण आपल्या बाजारातली तागाची दोरी पोती शिवायला आणि बांधायला असते. ताग कातताना त्यावर तेल मारतात, त्याचा रॉकेलसारखा वास येतो. शिवाय कुसळं निघतात. ती जाळून, तेल लावून, घासून मऊ करावी लागते आणि नीट धुताही येत नाही. हे सगळं हौसेनं करणारे आहेत. पहिली दोरी म्हणून मी सुती घेतली: विणलेली, सहा ते आठ मिलिमीटर, आठ मीटर. मनगटांपुरतंच बांधायचं तर चार मीटरही खूप झाले. सुती दोरी धुता येते, अंगाला लागत नाही. तिचा एक दुर्गुण म्हणजे जोर पडला की गाठ घट्ट बसते आणि नखांनी सुटत नाही. पोळ्याच्या आधी आमच्याकडे बाजार दोरांनी भरलेला असतो, तेव्हाच घ्यायला गेले. दुकानदारानं विचारलं, "बैलाले पायजे का झुल्याले?" मी झुल्याले म्हटलं. झोक्याची दोरी मऊच असते, त्यामुळे फार खोटं नाही झालं.

गाठीचं शिक्षण मात्र बाबांचं. अर्जुनी मोरगाव तालुक्यात आमची धानाची शेती. लहानपणी बैल बांधायला शिकवताना ते म्हणायचे, "गाठ माराच्या आधी ते सुटन कशी, हे पाय." बैल बिचकला, पडला, दोरात अडकला, तर एका ओढीत सुटली पाहिजे. आपल्या भाषेत यासाठी शब्दच आहेत. निरगाठ म्हणजे न सुटणारी. सुरगाठ म्हणजे टोक ओढलं की उलगडणारी, बुटाच्या नाडीसारखी. आणि सरकफास, ओढलं की आवळत जाणारा. माणसाच्या अंगावर सरकफास कधीच नको. हातावर दोरीचे दोन-तीन वेढे शेजारी शेजारी सपाट घ्यायचे, एकावर एक नाही. रुंद पट्टा झाला की दाब वाटला जातो. शेवटची गाठ सगळ्या वेढ्यांना मिळून पकडणारी, आत दोन बोटं सहज जातील एवढी जागा. मग दोरीचं लांब टोक जोरात ओढून बघायचं. वेढे आवळले, तर ती गाठ चुकीची. ही परीक्षा आधी स्वतःच्या पोटरीवर घ्या. मी लॅपटॉपवर बिल्ड चालू असताना घेते, टेबलाखाली.

बांधायचं कुठे? सुरुवातीला मनगटाच्या हाडाच्या जरा वर, किंवा घोट्याच्या वर, बस. दंड, काख, कोपर, गुडघ्याची मागची आणि बाहेरची बाजू, जांघ, हे सोडा. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला अशीच एक नस वरवर आहे, ती गेली की पाऊल लुळं पडतं. मानेला दोरी नाही. सैल नाही, "फक्त दिसायला" नाही, कधीच नाही. बांधलेल्या माणसाला पालथं झोपवून ठेवायचं नाही, श्वास अडतो. दारू प्यायल्यावर नाही. आणि बांधून खोलीबाहेर जायचं नाही, दारावर डिलिव्हरीवाला आला तरी.

दर दोन-तीन मिनिटांनी हाताची तपासणी. पंजा मागे उचल, बोटं फाक, अंगठा करंगळीला लाव. या तीन हालचालींत हाताच्या तीन मुख्य नसा तपासून होतात. एक जरी जमली नाही, किंवा कुठे बधिर वाटलं, तर ताबडतोब सोडायचं. सुटत नसेल तर कापायचं. दोरी दोनशे रुपयांची असते. त्यासाठी औषधांच्या दुकानात बँडेज कापायची बोथट टोकाची कात्री मिळते, ती हाताशी ठेवा, आणि तिनं तुमची दोरी खरंच कापली जाते का ते आधी बघा. आमची पहिली कात्री सुती दोरी नुसती चावत बसली होती. स्वयंपाकघरातली सुरी नको, घाईत हातच कापाल. सोडतानाही दोरी अंगावरून सरसर ओढू नका, कातडी भाजल्यासारखी सोलते.

लटकवायचं काय, असं विचाराल. नाही. दोरीचा मल्लखांब पाहिलाय ना? ती दोरीही सुतीच असते, आणि नियम असा की दोरीला गाठ मारायची नाही. मुली फक्त वेढ्यांवर अंग तोलतात आणि स्वतःच स्वतःला सोडवतात. तेही वर्षानुवर्षं सराव करून, खाली गादी, बाजूला शिक्षक. बांधलेल्या माणसाला स्वतःला सोडवता येत नाही, सगळा फरक तिथे आहे.

आता बोलण्याची गोष्ट. खेळात "नको ना" लाडानंही म्हटलं जातं, म्हणून वेगळा शब्द ठरवा. आमचा शब्द "तिरोडा". नागपूरहून येताना तिरोडा आलं की सामान आवरायचं, उतरायची वेळ आली. शब्द फुटणार नाही असं वाटलं तर हातात किल्ल्यांचा जुडगा द्या. तो पडला की थांबायचं. थांबल्यावर "काय झालं, मस्त चाललं होतं की" हे वाक्य नको. ते एकदा ऐकलेला माणूस पुढच्या वेळी बधिरपणा गिळतो. मी गिळला, तेही माझ्या नवऱ्यानं असं कधी म्हटलं नसताना.

आणि लग्न झालंय म्हणून होकार गृहीत नाही. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम २८ प्रमाणे भीतीपोटी किंवा गैरसमजातून दिलेली संमती, समोरच्याला ते माहीत असेल तर, संमती धरली जात नाही. मैत्रिणी खाजगीत विचारतात, "त्याला आवडतं म्हणून करू का?" मी उलट विचारते, मध्येच थांब म्हणालीस तर तो थांबेल का? उत्तर यायला वेळ लागला, तर दोरी विकत घेऊ नकोस. फोटोंचंही तेच. काढायचे का, कोणाच्या फोनमध्ये राहतील, हे दोरी बाहेर काढायच्या आधी बोला. बांधलेल्या माणसाला फोटोची परवानगी विचारणं म्हणजे विचारणंच नव्हे.

माझं मनगट आता ठीक आहे. थंडीत अंगठ्याच्या मागे जरा वेगळं वाटतं, किंवा माझ्या मनाचे खेळ असतील. परवा गावी गेले तर बाबा विचारत होते, झुला कुठे टांगला? मी म्हटलं, जागा बघतोय अजून.