वारा आणि आठजणी
(मच्छीमार महिलांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



फेब्रुवारीत आम्ही आठजणी देवबागहून कयाक घेऊन गरीला गेलो होतो, त्याची हकिगत सांगायला मला उभं केलं आहे. ती तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या कानावर आधीच आली असेल. "बाया दर्यात गेल्या नि बुडता बुडता वाचल्या," एवढीच. तेव्हा मी पहिल्यापासून सांगते.

देवबाग म्हणजे एका बाजूला दर्या आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. आमच्या बाया ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या काढतात, कालवं फोडतात, जाळ्यातली मासळी निवडतात, डोक्यावर पाटी घेऊन विकतात. पण होडी बाप्यांची. आता पर्यटनामुळे प्लास्टिकच्या कयाक आल्या. हलकी, बुडत नाही, इंजिन नाही, डिझेल नाही, दोघींनी उचलली तर उचलते. माझ्या जावेच्या मनात आलं की शहरातल्या पोरी यात बसून फोटो काढतात, तर आपण यात बसून मासे का धरू नयेत? एका धंदेवाल्याकडून भाड्याने सहा कयाक मिळाल्या. दोन महिने खाडीत शिकलो. काळुंदर, शेंगटी, कधी एखादी तांबोशी मिळायची. घरचं कालवण सुटलं आणि चार पैसे हातात आले. ते पैसे कुणाला हिशेब न देता खर्च करता येतात, याची गंमत ज्यांनी अनुभवली त्यांनाच कळेल.

त्या दिवशी अष्टमी होती. भांगाच्या दिवसांत पाण्याला ओढ कमी, म्हणून मुद्दाम निवडली. साडेसहाला ओहोटीबरोबर बाहेर पडायचं, भोगव्याच्या बाजूच्या खडकांशी गरी टाकायची आणि दुपारी भरती लागली की तिच्याबरोबर आत यायचं, असा बेत. सकाळी मतलई वारा होता. हा वारा फसवा असतो. जमिनीकडून येतो, म्हणून किनाऱ्यालगत झाडांच्या आडोशाला पाणी तेलासारखं दिसतं. बाहेर गेलं की तोच वारा पाठीवर हात ठेवून ढकलतो आणि जाताना आपल्याला वाटतं, काय छान वल्हवतोय आपण! निघताना एक म्हातारी काकी वाळूत उभी होती. ती म्हणाली, "बायांनो, आज वारो लवकर फिरतलो." आम्ही हसलो. काकी कधी होडीत बसलेली नाही, पण पन्नास वर्षं ती किनाऱ्यावर उभी राहून घरच्या होड्यांची वाट बघत आली आहे. वाट बघणारीला वारा जास्त कळतो, हे आम्हाला तेव्हा सुचलं नाही.

दहाच्या सुमारास मतलई पडला. थोडा वेळ सगळं गप्प. मग वायव्येकडून वारा उठला, एरवी दुपारी येतो तो. ओहोटी अजून संपली नव्हती. खाडीचं पाणी बाहेर चाललेलं आणि वारा आत येणारा, दोघे समोरासमोर आले की मुखाशी लाट आखूड आणि उभी होते. मोठ्या होडीला ते चालतं. कयाकवर बसलेल्या बाईला ती लाट भिंतीसारखी दिसते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, हे मला नंतर कळलं. हातांना तेव्हाच कळलं होतं.

माझ्या जावेने नांगराची दोरी कयाकच्या कडेला बांधली होती. वारा फिरला तशी कयाक आडवी झाली, दोरी ताणली आणि ती उलटली. अंगावर जाकीट होतं, पण ते बाप्यांच्या मापाचं. पाण्यात पडल्यावर ते हनुवटीच्या वर आलं आणि ती त्यातून खाली सरकायला लागली. साडीचा पदर वल्ह्यात, तंगूस पायात, गळ निऱ्यांत. मी जवळ होते. मी दोरी कापली. कोळंबी सोलायची छोटी सुरी कमरेला होती म्हणून बरं. दुसरीने तिला काखेत धरलं, तिसरीने आमच्या कयाक एकमेकींना धरून ठेवल्या. सहाही कयाक कडेला कड लावून आम्ही एक तराफाच केला. तसं केल्यावर उलटत नाही. जावेला पोटावर ओढून वर घेतलं. ती पहिलं काय म्हणाली, तर "माझी तांबोशी गेली गो!"

मुखातून आत जायचं नाही, हे आम्ही तिथेच ठरवलं. घर समोर दिसत असताना तिकडे न जाणं फार कठीण असतं. एक जण रडत होती, तिला पोरं शाळेतून येण्याआधी पोचायचं होतं. तरी वारा पाठीशी घेऊन भोगव्याच्या वाळूवर लागलो. कयाक वाळूवरून ओढत खाडीच्या बाजूला नेल्या आणि भरती लागल्यावर आतून, आडोशाने, देवबागला आलो. तीन वाजले होते. किनाऱ्यावर अर्धा गाव जमलेला.

आता खरी गोष्ट. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान आलं तेव्हा कोकणातल्या किती होड्या सापडल्या. मे २०२१ मध्ये तौक्तेने मालवण-देवगडला काय केलं ते आपण पाहिलं. तेव्हा कुणी म्हणालं नाही की बाप्यांनी दर्यात जाऊ नये. बाप्या वाऱ्यात सापडला तर ती दर्याची मर्जी, बाई सापडली तर तिची अक्कल. संध्याकाळी बैठक झाली. आम्हाला बोलावलं नव्हतं, आम्हीच गेलो. धंदेवाल्याने कयाक द्यायच्या बंद केल्या. एका घरात तर सुनेचं वल्हं चुलीत गेलं.

चुका आमच्या होत्या. नांगर पुढून किंवा मागून बांधायचा, कडेने कधीच नाही. साडी नको, सलवार चालेल. अंदाज आदल्या रात्री बघून भागत नाही, पहाटे पुन्हा बघायचा. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा आणि वाऱ्याचा अंदाज मोबाईलवर मिळतो. बंदरात तीन नंबरचा बावटा असेल तर विषयच नाही. आणि किनाऱ्यावरची काकी काय म्हणते ते ऐकायचं. हे सगळं आम्ही बैठकीत कबूल केलं. पण मी विचारलं, माझी जाऊ गेली असती तर कागदावर ती कोण होती? २०२० च्या मत्स्य संपदा योजनेत मच्छीमाराला अपघात विमा ठेवला. मृत्यू झाला तर पाच लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर अडीच लाख. पण आधी मच्छीमार म्हणून नोंद हवी. आमच्या आठजणींपैकी एकीचीही नव्हती. संस्थेत सभासद व्हायला गेलं की विचारतात, तुम्ही क्रियाशील मच्छीमार आहात का? जन्मभर मासळीत हात घालून बोटं फाटली, तरी क्रियाशील नवराच.

केरळात चेट्टुव्याच्या के. सी. रेखा खोल समुद्रात मासे धरायला जातात, म्हणून केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २०१७ साली त्यांचा गौरव केला. लांब कशाला, आपल्या वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायांनी कांदळवनाची सफर सुरू केली, वल्हं त्यांच्याच हातात. कोरियातल्या जेजू बेटावर तर बायाच बुडी मारून शिंपले काढत आल्या, २०१६ मध्ये युनेस्कोने त्याला वारसा म्हटलं. मला वारसा नको. मला वहीत नाव हवं.

आठजणींचे अर्ज आम्ही दिले आहेत. तिघींच्या अर्जावर नवऱ्याने सही केली नाही, म्हणून ते परत आले. सहीची गरज आहे असं कुठे लिहिलंय ते दाखवा, असं आम्ही विचारलं आहे, उत्तर आलेलं नाही. पैसे जमवून दोन जुन्या कयाक विकत घेतल्या आहेत आणि लहान मापाची चार जाकिटं. खाडीतच जातो सध्या, बाहेर नाही. जाऊ अजून पुढे बसत नाही, मागे बसून वल्हवते.

तुमच्या गावात कुणाकडे लहान मापाची जाकिटं पडून असतील तर जेवणाच्या सुट्टीत मला भेटा. आणि ज्यांच्या नावाने मच्छीमार म्हणून नोंद झाली असेल, त्यांनी तो कागद घेऊन पुढे या. तो कसा मिळाला ते आम्हाला लिहून घ्यायचं आहे.