करारावर सही कोणाची?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला मंडळातल्या एकीने उपयोगाच्या विषयावर चार शब्द बोलावेत असा आपला रिवाज आहे. यंदा तो मान माझ्याकडे आला. मी विषय सांगितला तेव्हा दोघीतिघी हसल्या. “गिरणीचा संप हा बायकांचा विषय कधीपासून झाला?” असे त्यांनी विचारले. मला वाटते, तो आपलाच विषय आहे. गिरणी मुंबईत होती, पण तिच्या पगारावर चुली पेटत होत्या त्या इथे, देवगड, मालवण, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्याला. शिवाय त्या मोठ्या संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत हे आपल्याच मालवण तालुक्यातल्या देवबागचे.

प्रथम दोन शब्द समजून घेऊ. कामगार आपण होऊन काम थांबवतो, तो संप. मालक फाटकाला कुलूप लावून कामगाराला बाहेर ठेवतो, ती टाळेबंदी. दोन्हींच्या मुळाशी बहुधा भांडण असते ते कराराचे. करार म्हणजे काय, हे आपल्याला रापणीवरून चटकन कळेल. रापण ओढायला माणसे जमतात, तेव्हा होडी-जाळ्याचा वाटा किती आणि ओढणाऱ्याचा किती, हे आधीच ठरलेले असते. मासळी वाळूवर आल्यावर कोणी वाटा बदलू म्हणाला तर ते चालत नाही. गिरणीतही तसेच. पगार किती, बोनस किती, रजा किती, कायम कधी करणार, हे आधी बोलून कागदावर घेणे म्हणजे करार. मात्र वाटे ठरवताना ओढणाऱ्यांच्या बाजूचा माणूस तिथे बसलेला हवा, आणि तो त्यांनी निवडलेला हवा. आजच्या माझ्या बोलण्याचे सार एवढेच आहे.

गिरणीकामगारांची लढाई फार जुनी. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, सुमारे सहा महिने, संप चालला. तेव्हाही कोकणातले पुष्कळ कामगार गावी परतले आणि शेतीच्या आधाराने त्यांनी दिवस काढले. मुंबईचा संप गावच्या भातावर चालतो, ही रीत तेव्हापासूनची.

पुढे १९४६ साली मुंबई औद्योगिक संबंध कायदा झाला. एका उद्योगात एकाच युनियनला प्रातिनिधिक म्हणून मान्यता द्यावी, अशी त्यात तरतूद होती. मुंबईच्या कापड गिरण्यांत ही मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. मालकांशी बोलणार तोच आणि करारावर सही करणार तोच. दहा युनियनांची ओढाताण नको, एकाच ठिकाणी बोलणे व्हावे, हा हेतू वाईट म्हणता येणार नाही. परंतु कामगारांचे मन त्या युनियनवरून उडाले, तर मतदान करून दुसरी निवडण्याची सोय त्या कायद्यात नव्हती. पुढचे सारे दुखणे इथून सुरू झाले.

१९८१ च्या दिवाळीत बोनसवरून असंतोष पेटला. संघाने केलेली तडजोड पुष्कळ कामगारांना पटली नाही. ते डॉ. सामंतांकडे घाटकोपरला गेले. डॉ. सामंत धंद्याने डॉक्टर. घाटकोपरला दवाखाना चालवताना दगडखाणीतले मजूर त्यांच्याकडे औषधाला येत, त्यांची हलाखी पाहून ते कामगारांच्या कामात पडले. अनेक कारखान्यांत त्यांनी मोठ्या पगारवाढीचे करार करून दिले होते, म्हणून गिरणीकामगारांचा त्यांच्यावर भरवसा बसला.

१८ जानेवारी १९८२ रोजी बेमुदत संप सुरू झाला. सुमारे ६० गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. आपला सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. कामगारांना पगारवाढ हवी होती, बदली कामगारांना कायम करून हवे होते आणि १९४६ चा तो कायदा रद्द व्हायला हवा होता. बदली कामगार म्हणजे रोज सकाळी फाटकावर उभा राहणारा. कोणी गैरहजर असेल तर त्याला काम, नाहीतर आल्या पावली परत. असे वर्षानुवर्षे उभे राहिलेले लोक होते.

मालकांनी सांगितले की, कायद्याने आम्हाला संघाशीच बोलता येते. सरकारनेही तो कायदा हलवला नाही. कामगार एकाच्या मागे आणि सहीचा हक्क दुसऱ्याकडे, अशी ही गाठ पडली. ज्यांच्याशी बोलणे व्हायला हवे होते त्यांच्याशी ते झाले नाही, मग करार कुठून होणार?

आता गावाकडे येऊ. माझे सासरे तेव्हा मुंबईला एका गिरणीत साच्यावर होते. मनीऑर्डर बंद झाली. पहिले दोन-तीन महिने सर्वांना वाटे की, शिमग्यापर्यंत मिटेल, पाडव्यापर्यंत मिटेल. मग चाकरमानी एस.टी.ने गावी येऊ लागले. एरवी गणपतीला येणारा माणूस वैशाखात दारात उभा राहिला म्हणजे घरातल्या बाईला न सांगता कळत असे. सासूबाईंनी त्या पावसाळ्यात पाटल्या गहाण ठेवल्या, दुसऱ्याच्या शेतात लावणी केली, उन्हाळ्यात घातलेली आमसुले विकली. रोज कुळथाची पिठी आणि पेज. त्या म्हणत, “गिरण बंद पडली म्हणान चूल बंद करतलंय काय?” अशा सासूबाई आपल्या प्रत्येक वाडीत होत्या.

मुंबईतही बायकांनीच भार उचलला. गिरणगावात कितीतरी बायका खानावळी चालवून एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते ह्याच बायकांसाठी. सावकाराऐवजी बँकेचे कर्ज त्यांना मिळावे म्हणून त्यांची खटपट होती. जेवणाऱ्याचा पगार थांबला की जेवण घालणारीचा हिशेब थांबतो. युनियनच्या वहीत ह्या बायकांचे नाव नव्हते, पण संपाचा तोटा त्यांनाही झाला.

शेवट काय झाला, तो आपण जाणताच. संप वर्षाहून अधिक काळ लांबला आणि रीतसर मागे न घेताच विरून गेला. कामगार थोडे थोडे परत गेले, पण सर्वांना घेतले नाही. लाखाच्या घरात लोकांच्या नोकऱ्या गेल्या. १९८३ साली केंद्र सरकारने १३ गिरण्यांचा कारभार आपल्या हाती घेतला, इतर कित्येक पुढे बंदच पडल्या. डॉ. सामंत १९८४ साली लोकसभेवर निवडून आले. १६ जानेवारी १९९७ रोजी पवई येथे त्यांचा खून झाला. गिरण्यांच्या जमिनींवर उंच इमारती उभ्या राहिल्या. कामगारांना घरे देण्यासाठी म्हाडाची सोडत २०१२ साली निघाली, तोवर पुष्कळांचे डोळे मिटले होते.

कोणी म्हणतात, डॉ. सामंतांनी फार ताणले. कोणी म्हणतात, मालकांना गिरण्या चालवायच्याच नव्हत्या. दोन्ही बोलण्यांत थोडे तथ्य असेल. संप सुरू करताना जसा सर्वांचा आवाज घेतात, तसा तो किती दिवस चालवायचा, हेही मधून मधून सर्वांना विचारावे, त्यांच्या घरच्या बायकांनाही विचारावे, असे मला वाटते. चुलीत लाकूड किती उरले, हे तिलाच ठाऊक असते. पण मूळ दोष मी कायद्याला देते. माणसांनी निवडलेल्या प्रतिनिधीला सही करू दिली असती, तर थोडे इकडे थोडे तिकडे होऊन करार झाला असता असे मला वाटते.

भगिनींनो, ही जुनी गोष्ट सांगण्याचे कारण आज आपल्या दाराशी आहे. तेव्हा पुरुष गिरणीत जात, आज आपल्यापैकी कित्येकजणी काजूच्या कारखान्यांत जातात. बी फोडताना चिकाने हात भाजतात. गर सोलायचे ते किलोवर. अखंड गराचा हिशेब वेगळा, तुकड्याचा वेगळा. काहीजणी पर्यटकांच्या निवासात साफसफाईला जातात. त्यांतल्या किती जणींजवळ दर लिहिलेला कागद आहे? वजन होताना काटा किती जणी पाहतात? कामावरून उद्या येऊ नको म्हटले, तर आपल्या वतीने बोलणारी कोण?

२०२० साली संसदेने कामगारांसाठी नव्या संहिता मंजूर केल्या. कामगाराला नेमणुकीचे पत्र द्यावे, असे त्यांत आहे. ज्या युनियनमागे ५१ टक्के कामगार असतील तिने वाटाघाटी कराव्यात, असेही आहे. म्हणजे डोकी मोजायला वाट झाली आहे. पण निम्म्याहून अधिक जणी एकत्र आल्या, तरच ती उपयोगाची. चौघींनी कुजबुजून ते होणार नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे. महिन्यातून एकदा मंडळाच्या खोलीत प्रत्येकीने आपल्या कामाचा कागद आणावा, आणि वाचता येते तिने तो मोठ्याने वाचून दाखवावा. मी सातवीपर्यंतच शिकले, पण दर, वजन, रजा, भविष्यनिर्वाह निधी एवढे शब्द मलाही वाचता येतात. जिच्याकडे कागदच नाही, तिने तो मागावा, आणि मागायला जाताना तिच्याबरोबर आपण दोघीतिघींनी जावे. न वाचता अंगठा किंवा सही कोणीही करू नये, मग कागद पुढे करणारा ओळखीचा असो की नात्यातला.

गिरणीच्या फाटकावर हरलेल्या माणसांनी आपल्याला एवढे शिकवून ठेवले आहे. ते आपण वापरले तर त्यांचे आणि आपल्या सासवांचे सोसणे फुकट जाणार नाही.