शरीराचाही हक्क आहे



आपल्या शरीराचाही आपल्यावर हक्क आहे, ही पैगंबरसाहेबांची शिकवण आपण सर्व जाणतो. पण तो हक्क अदा किती जण करतो? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले, की ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींना रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी आणि आठवड्यातून निदान ३ दिवस हाडे व स्नायू बळकट करणारा व्यायाम हवा.

विद्यार्थी मित्रांनो, रात्री वेळेवर झोपा आणि फजरच्या नमाजनंतर पुन्हा अंथरुणात शिरू नका. एक दिवस धावा, दुसऱ्या दिवशी जोर-बैठका काढा, तिसऱ्या दिवशी दोरीवरच्या उड्या मारा. व्यायाम बदलला की कंटाळा येत नाही. वेळ मात्र बदलू नका. शिस्त ती हीच. रमजानमध्ये व्यायाम हलका करा, पण ईदनंतर सोडून देऊ नका.

पालकहो, आपल्याला एकच विनंती. मुलगी सातवी-आठवीत गेली, की तिचे खेळणे आपण बंद करतो. हक्क तिच्याही शरीराचा आहे. अंगणात, गच्चीवर, शाळेच्या मैदानावर, जिथे सोयीचे असेल तिथे तिला खेळू द्या.

खुदा हाफिज.