उल्हास नदीचं अजीर्ण

श्रोतेहो, मार्च महिन्यातली सकाळ होती. कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलनं शहाड सोडलं आणि गाडी उल्हास नदीच्या पुलावर आली. समोरच्या खिडकीत पाच-सहा वर्षांची एक मुलगी बसली होती. ती एकदम ओरडली, ‘‘आई, बघ केवढं मोठं मैदान!’’ आईनं बाहेर पाहिलं. क्षणभर तीही गोंधळली आणि मग म्हणाली, ‘‘अगं, मैदान नाही, नदी आहे ती.’’ मुलीला ते पटेना. ‘‘मग पाणी कुठंय?’’ तिनं विचारलं. आईकडे उत्तर नव्हतं. ते उत्तर शोधण्याचा आज प्रयत्न करू या.

उल्हास सह्याद्रीत उगम पावते आणि कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर करत आपल्याकडे येते. एरवी कोकणातल्या नद्या उन्हाळ्यात आटतात. उल्हास वाहती राहते, याचं मोठं कारण भिवपुरीचं टाटांचं वीजकेंद्र. 1922 पासून घाटमाथ्यावरचं पाणी तिथं वीज तयार करून खाली नदीत येतं. पुढे बारवी धरणाचं पाणीही तिला मिळतं. बदलापूरपासून मोहन्यापर्यंत ठिकठिकाणी बंधारे घालून हे पाणी अडवलं जातं, उचललं जातं. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच नव्हे, तर कल्याण-डोंबिवली, ठाणे, भिवंडी, मिरा-भाईंदर इथल्या लाखो घरांतल्या नळांशी या नदीचं नातं आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीचं शहर झालं, तेव्हा 8 ऑगस्ट 1949 रोजी त्याला उल्हासनगर हे नाव मिळालं, तेही या नदीवरूनच.

आपल्याकडे दुसरीही एक नदी आहे, वालधुनी. अंबरनाथचं 1060 सालचं शिवमंदिर तिच्याच काठी उभं आहे. वालधुनीचं पाणी काळं, कधी लाल, कधी निळं झालेलं आपण सर्वांनी पाहिलं आहे. कारखान्यांची रसायनं, जीन्स धुण्याचे रंग, त्यावरची आंदोलनं, 2013 पासून हरित लवादात चाललेला खटला, हे सगळं वर्तमानपत्रांतून आलं आहे. वालधुनी दिसली की आपण नाकाला रुमाल लावतो. उल्हास मात्र हिरवीगार दिसते, म्हणून तिचं दुखणं पटकन ध्यानात येत नाही. वालधुनीवर विषप्रयोग झाला असं म्हटलं, तर उल्हासला झालं आहे अजीर्ण. तिला फार खायला घातलं गेलं आहे.

हे खाणं म्हणजे मुख्यतः नायट्रोजन आणि फॉस्फरस. शेतकरी खताच्या गोणीत पैसे मोजून विकत घेतो, तीच ही द्रव्यं. आमच्या इमारतीतल्या मुलांना ही गोष्ट दाखवायला मी एक सोपा प्रयोग केला. नदीचं पाणी दोन बाटल्यांत भरलं. एका बाटलीत कुंड्यांसाठी आणलेल्या डीएपी खताचे चार दाणे टाकले, दुसरीत काही नाही. दोन्ही उन्हाच्या खिडकीत ठेवल्या. दहा-बारा दिवसांत खताची बाटली पोपटी हिरवी झाली. दुसरी जवळजवळ होती तशीच राहिली.

हाच प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर कॅनडात झाला आहे. 1973 साली ओंटारिओ प्रांतातल्या एका तळ्याच्या मधोमध डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्लास्टिकचा पडदा टाकून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन सोडला, दुसऱ्या भागात या दोन्हींबरोबर फॉस्फरसही सोडला. फॉस्फरस मिळालेला भाग शेवाळानं हिरवा झाला. विमानातून काढलेलं ते छायाचित्र जगभर गाजलं आणि गोड्या पाण्यात खरी किल्ली बहुधा फॉस्फरसकडे असते, हे लोकांना कळलं.

आता हा फॉस्फरस आपल्या नदीत येतो कुठून? उत्तर थोडं अवघड वाटेल, पण ते तुमच्या-माझ्या घरातून येतं. प्रत्येक माणसाच्या मलमूत्रातून रोज साधारण एक ते दीड ग्रॅम फॉस्फरस बाहेर पडतो. कपडे-भांडी धुण्याच्या काही पावडरींतून आणखी थोडा. एक ग्रॅम म्हणजे चिमूटभर. पण एक लाख वस्तीच्या गावाचा हिशेब करा, रोजचे किमान शंभर किलो झाले. एक किलो फॉस्फरसवर सुमारे शंभर किलो सुकं शेवाळ पोसलं जाऊ शकतं. म्हणजे कागदावरच्या हिशेबानं रोज दहा टन! यातला सगळाच काही नदीपर्यंत पोहोचत नाही, हे खरं. पण 2001 ला बदलापूरची वस्ती लाखाच्या आत-बाहेर होती, ती 2011 च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या घरात गेली आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर मिळून नऊ लाखांवर माणसं मोजली गेली. त्यानंतर किती टॉवर उभे राहिले, ते आपण पाहतोच आहोत. शहाड-मोहने परिसरात पाणी उचललं जातं आणि त्याच भागात उल्हासनगरच्या खेमाणी नाल्याचं सांडपाणी वर्षानुवर्षं नदीला मिळत होतं. ते वळवण्यासाठी योजना आखावी लागली.

अशा पोसलेल्या, बंधाऱ्यामागे संथ झालेल्या पाण्यावर जलपर्णीचं फावतं. ही मूळची दक्षिण अमेरिकेतली वनस्पती, जांभळ्या फुलांच्या शोभेसाठी जगभर नेली गेली. परिस्थिती अनुकूल असली तर एक-दोन आठवड्यांत ती दुप्पट होते. रायते, कांबा, मोहने इथं उन्हाळ्यात तिचा गालिचा पसरतो. खाली ऊन पोहोचत नाही, हवा मिसळत नाही, मासे गुदमरतात. मग ओरड होते, यंत्रं येतात, जलपर्णी काढली जाते, कधी फवारणी करून मारली जाते. पावसाळ्यात उरलीसुरली पुरानं वाहून जाते. 27 जुलै 2019 रोजी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेसला वेढा घालणाऱ्या या नदीला जलपर्णी ती काय! नदी मोकळी दिसते, आपण विसरतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

कारण आपण ताप उतरवतो, रोग तसाच ठेवतो. जलपर्णी मारून पाण्यातच सोडली, तर ती कुजते आणि खाल्लेलं सगळं पाण्याला परत करते. काढून काठावर ढीग घातला, तर पहिल्या पावसात तेच होतं. ती काढून दूर नेली, तिचं खत केलं, तर मात्र तेवढा फॉस्फरस खरोखरच नदीबाहेर जातो. पण जलपर्णीत दहातले नऊ भाग पाणीच असतं. एवढं ओझं किती वाहणार? त्यापेक्षा नदीला घास भरवणं थांबवणं शहाणपणाचं.

आणि हे केवळ शोभेसाठी नाही. पाणी फार पोसलं गेलं की जलपर्णीच येते असं नाही. नीलहरित शैवालही माजतं आणि त्याच्या काही जाती यकृताला घातक असं विष तयार करतात. 2014 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात हेच झालं. ईरी सरोवरातून येणाऱ्या पाण्यात असं विष आढळलं आणि चार लाखांहून अधिक लोकांना सांगावं लागलं, नळाचं पाणी पिऊ नका आणि उकळूनही पिऊ नका. उकळल्यानं जंतू मरतात, पण हे विष जात नाही. उलट पाणी आटून ते दाट होतं. घाबरवण्यासाठी मी हे सांगत नाही. पाणी उकळलं की आपली जबाबदारी संपली, या समजुतीवर फार विसंबू नका, एवढंच म्हणणं आहे.

मग मलशुद्धीकरण केंद्रं कशासाठी, असं तुम्ही विचाराल. ती हवीतच. बदलापुरात भुयारी गटार योजना आली, केंद्र उभं राहिलं, चांगलं झालं. पण साध्या पद्धतीच्या केंद्रात घाण आणि दुर्गंधी जाते, फॉस्फरसचा मोठा भाग तसाच बाहेर पडतो. तो काढायची वेगळी सोय करावी लागते. अमेरिकेत सिएटलजवळच्या लेक वॉशिंग्टनमध्ये शुद्ध केलेलंच सांडपाणी सोडलं जात होतं, तरी ते तळं हिरवं झालं. 1963 ते 1968 या काळात ते पाणी दुसरीकडे वळवलं आणि काही वर्षांत तळं निवळलं. आपल्याला नुसतं वळवून चालणार नाही, कारण पुढची खाडीही आपलीच आहे. पण दुखणं बरं होऊ शकतं, एवढी ग्वाही त्यातून मिळते.

म्हणून, श्रोतेहो, यापुढे नगरसेवक भेटले तर ‘जलपर्णी काढली का?’ एवढंच विचारू नका. ‘केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात फॉस्फरस किती?’ हेही विचारा. आपल्या सोसायटीचा प्लांट खरोखर चालतो का, सेप्टिक टँक उपसणारी गाडी तो मैला कुठे रिकामा करते, याची चौकशी करा. वॉशिंग मशिनमध्ये पावडर मोजून घाला. या छोट्या गोष्टी आहेत, पण चिमटी-चिमटीनंच तर ते शंभर किलो होतात.

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आता देता येईल. पाणी कुठंय? बाळ, पाणी तिथंच आहे, त्या हिरव्या चादरीखाली. आणि संध्याकाळी ते कुणाच्या तरी घरच्या नळाला येणार आहे.