वणव्यानंतर रोप कुणी निवडायचं?

(महिला मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



डहाणू-तलासरीच्या डोंगरात वणवा लागला, की पहिला संशय बाईवर येतो. तिनं मोहाखालचा पाला पेटवला असेल, तिच्या राबाची ठिणगी उडाली असेल! खाली पडलेली फुलं दिसावीत म्हणून मोहाखाली पाला जाळतात, हे खरं आहे. ते आपण थांबवू. पाला झाडूनही बाजूला करता येतो. पण वाटेवर विडी टाकणाऱ्याला कोण विचारतं?

आणि नुकसान कुणाचं? सरपण आणखी लांब जातं, चारा जळतो, मोहाचं उत्पन्न बुडतं. ती पायपीट बाईचीच.

मी काम करते त्यातल्या एका पाड्यावर जळलेल्या टेकडीवर रोपं लावायची ठरली. खड्डे बायांनी खणले, रोपं बायांनी डोक्यावरून वाहिली. कोणती रोपं, हे मात्र आधीच ठरून आलं होतं. एका म्हातारीनं रोप हातात घेऊन विचारलं, यातलं खायचं काय आणि चुलीत घालायचं काय? उत्तर द्यायला कुणी नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा आग आली आणि बरीचशी रोपं गेली. राखणीची तजवीजच नव्हती.

जळलेलं रान सगळं मेलेलं नसतं. साग, ऐन, पळस यांना बुंध्यातून, मुळातून फुटवे येतात. म्हणून पहिलं काम राखणीचं: उन्हाळ्याआधी जाळरेषा काढणं आणि काही वर्षं चराई बंद ठेवणं. जिथं खरोखर मोकळं आहे तिथंच लागवड करायची. मोहाची बी फार दिवस टिकत नाही, ती पावसाच्या तोंडाला ताजीच लावावी लागते. हे बायांना ठाऊक असतं, पण विचारणार कोण?

विचारायला लावण्याची सोय कायद्यात आहे. वनहक्क कायदा २००६ नुसार सामूहिक वनाचं संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क गावाला मिळू शकतो. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश बाया हव्यात. २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया हव्यात. पण नुसती सही-अंगठा म्हणजे हजेरी नव्हे. चराई बंद करायची तर शेळ्या कुठं चारायच्या, हेही तिथंच ठरलं पाहिजे. नाहीतर तो बोजा पुन्हा बाईवरच पडेल.

याच भागात १९४५ मध्ये वारल्यांनी वेठ नाकारली, गवतकापणीच्या मजुरीसाठी संप केला. गोदावरी परुळेकरांनी ती हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये लिहिली आहे. तेव्हाचा लढा मजुरीसाठी होता. आज खड्डे खणण्याची मजुरी तर हवीच, पण त्या खड्ड्यात काय लावायचं हे ठरवण्याचा अधिकारही हवा.

बायांनो, पुढच्या ग्रामसभेला जाताना रोपांची यादी आपण करून नेऊ. आणि ती वाचून दाखवायला आपल्यातलीच एक उभी राहील.