दहावा गडी कोणी ठेवावा?

(नागपुरातील कारागीर मंडळींपुढे झालेले भाषण)



कामगार विम्याचा कायदा 1948 चा. आपल्या नागपुरात ती योजना 1954 साली आली. त्यापूर्वी आजारी मजुराला कोण विचारी? एम्प्रेस मिलने 1886 साली पेन्शन फंड काढला, 1895 साली अपघाताची भरपाई देऊ केली. पण ती मिलची मर्जी होती, आणि घरी मागावर बसणाऱ्या कोष्ट्याला त्यातले काहीच मिळत नव्हते.

आता हिंगण्याच्या लहान कारखानदाराचे ऐका. तो म्हणतो, नऊ गडी आहेत तोवर बरे. दहावा घेतला की विमा लागू. म्हणून दहावा कामावर येतो, पण कागदावर येत नाही.

हिशेब मांडू. 2019 पासूनच्या दराने 16,000 रुपये पगारामागे मालकाचे सव्वातीन टक्के म्हणजे 520 रुपये, गड्याचा पाऊण टक्का म्हणजे 120. दहा गड्यांचे मालकावर महिना 5,200. लहान धंद्याला हा आकडा हलका नाही. उगाच मालकाला राक्षस ठरवून आपले पोट भरत नाही. आपल्यातलेच कितीजण चार माणसे हाताशी धरून भट्टी चालवतात!

पण हे 520 येतात कोठून? पुष्कळदा मालक पुढली पगारवाढ तेवढी आखडतो. नाव मालकाच्या वाट्याचे, पैसा आपला. तरी त्यात तोटाच आहे असे नाही. आजारात वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के मजुरी मिळते, म्हणजे या पगारावर महिना 11,200, बाळंतिणीला 26 आठवडे पूर्ण मजुरी, घरच्यांना औषधपाणी. हे खरोखर हाती पडत असेल, तर थोड्या कमी पगारावरही गडी खुशीने टिकतो आणि मालकाला दहावा माणूस जड होत नाही. विम्याच्या दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन बाहेरच्या दुकानी जावे लागले, तर मात्र ती निव्वळ पट्टी. मग मालक माणूस कमी करतो, आणि गडीही म्हणतो, माझे नाव नको, रोख द्या. दवाखान्यातली रिकामी फळी अशी आपल्या रोजगारावर येते. त्याविषयी अर्ज करायचा तर मालक आणि गडी दोघांनी मिळून करावा, असे आमचे मत आहे.

आणखी एक. सहा महिन्यांच्या मुदतीत 78 दिवसांची वर्गणी भरलेली असेल तरच पुढे आजाराची मजुरी मिळते. तेव्हा पगारातून पैसे कापले जात असतील, तर आपला विमा क्रमांक मालकाकडून आजच मागून घ्या, आणि तो घरच्या बाईलाही ठाऊक असू द्या.